वृक्षांचे आयुष्य आणि अनुदानाचे वर्ष : बुलढाणा जिल्ह्यातील नागरी वृक्षनिधीचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील शहरांत झाडे लावण्यासाठी पैसा वेळोवेळी उपलब्ध झाला. परंतु लावलेले झाड पन्नास-शंभर वर्षे सांभाळण्यासाठी स्वतंत्र आणि अखंड तरतूद करण्याचा प्रश्न प्रत्येक कालखंडात मागे पडत गेला. नागरी वृक्षव्यवस्थापन म्हणजे केवळ वृक्षारोपण नव्हे. शहरातील झाडांची गणना, त्यांच्या वयाची व आरोग्याची नोंद, शास्त्रीय छाटणी, उन्हाळ्यातील पाणी आणि वठलेल्या झाडाच्या जागी योग्य जातीची नवी लागवड, ही सर्व कामे एका दीर्घकालीन आराखड्यात बांधणे असा त्याचा अर्थ आहे. या कामांना पैसा कोठून यावा, या प्रश्नाला जिल्ह्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा ही गावे घाटावरची, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव आणि जळगाव जामोद ही घाटाखालची मानली जातात. घाटावर हवा तुलनेने थंड असली तरी माती अनेक ठिकाणी उथळ आहे. घाटाखाली काळी कसदार जमीन असली तरी उन्हाळा अत्यंत कडक असतो. कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ आणि बाभूळ ही झाडे या हवामानात टिकत आली आहेत.

१८५३च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली. खामगाव ही कापसाची प्रमुख बाजारपेठ ठरली आणि १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वेशाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाली. तरीही शेतातून बाजारापर्यंतचा कापूस बैलगाडीनेच येत असल्यामुळे रस्त्याकडेची सावली ही माणसांची आणि बैलांची, पर्यायाने व्यापाराची गरज होती. ब्रिटिश हिंदुस्थानात रस्त्यालगतची वृक्षलागवड रस्ते बांधणाऱ्या खात्याच्या कामांत मोडत असे. झाड हे रस्त्याचे अंग मानले गेल्यामुळे त्याला खर्चाचा आधार मिळाला, पण त्याचे भवितव्यही रस्त्याशी बांधले गेले. पुढील काळात रस्ता रुंद करायचा ठरला की झाडाचा हक्क संपू लागला, आणि मोठ्या रस्त्यांलगतची झाडे शहराच्या हद्दीत असूनही त्यांच्याविषयीचा निर्णय नगरपरिषदेबरोबर रस्त्याची मालकी असलेल्या खात्यावरही अवलंबून राहिला.

नगरपालिकांचा कायदेशीर पाया १८८६च्या वऱ्हाड नगरपालिका कायद्याने आणि नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९२२च्या कायद्याने घातला गेला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर त्यांची जागा १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाने घेतली. या अधिनियमात कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत : पाणीपुरवठा, दिवाबत्ती, स्वच्छता यांसारखी बंधनकारक कर्तव्ये आणि निधी असेल तर करावयाची ऐच्छिक कर्तव्ये. रस्त्यालगतची झाडे लावणे व जोपासणे यांची गणना दुसऱ्या वर्गात झाली. घरपट्टीची वसुली अपुरी आणि पगारांचा बोजा मोठा असलेल्या लहान नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात ऐच्छिक कामाला उरलीसुरली रक्कमच मिळते, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही.

ही उणीव भरून काढण्याची शक्यता १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने निर्माण केली. या कायद्याने वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडांविषयी निर्णय घेणारी वैधानिक समिती, आणि वृक्ष अधिकारी या दोन यंत्रणा दिल्या. दर पाच वर्षांनी वृक्षगणना आवश्यक ठरवली आणि वृक्ष उपकराची वाट मोकळी केली. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक वर्षे वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. झाडाचे मूल्य त्याच्या वयावरून ठरवणारी ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण सरकारी हिशेबात तोपर्यंत मुख्यतः संख्येलाच मान होता.

संख्येचा हा आग्रह जुना आहे. केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा वृक्षारोपणाचा ठरून गेला. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले गेले. अशा मोहिमांनी समाजाचे लक्ष झाडांकडे वळवले, हे मान्य करावेच लागेल. मात्र रोपाची खरी परीक्षा पावसाळ्यानंतर सुरू होते. फेब्रुवारीत मातीतील ओल संपते, आळे कोरडे पडते आणि रोपाला टँकरच्या पाण्याची गरज लागते, नेमके त्याच सुमारास ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपून मंजूर रकमेचा हिशेब बंद होतो. बुलढाणा शहर ज्या येळगाव धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे, तेथील साठा टंचाईच्या वर्षी घटला की रोपांचा क्रम साहजिकच शेवटचा लागतो. जगलेल्या झाडाचीही हेळसांड थांबत नाही : वेळेत न काढलेल्या ट्री गार्डची सळई खोडात रुतते, पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडल्यामुळे मुळांना पाणी मिळत नाही आणि वीजतारांसाठी एकाच बाजूने छाटलेले झाड तोल जाऊन वादळात उन्मळते.

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरणाचा समावेश केला. म्हणजे विषय शहरांकडे आला, पण पैसा योजनांच्या मार्गानेच येत राहिला. २०१५च्या अमृत अभियानात हरितक्षेत्रांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती, परंतु त्यासाठी मुख्य निकष एक लाख लोकसंख्येचा होता. २०११च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या ९४ हजारांच्या घरात असल्यामुळे ते शहर थोडक्यात बाहेर राहिले आणि त्याहून लहान असलेली जिल्ह्यातील इतर शहरेही वगळली गेली. २०२१च्या अमृत २.० मध्ये सर्व वैधानिक शहरांना प्रवेश मिळाला. २०२०च्या नगर वन योजनेत भरपाई वनीकरणाच्या राष्ट्रीय निधीतून हेक्टरी चार लाख रुपये देण्याची सोय झाली, तथापि ती सलग भूखंडासाठी असल्यामुळे रस्त्याकडेचे एकटे झाड तिच्यात बसत नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या राज्याच्या माझी वसुंधरा अभियानाने हरित कामांना गुण आणि गुणांना बक्षीस जोडले. पण बक्षिसावर पुढील वर्षाच्या पाण्याचे नियोजन करता येत नाही. अमेरिकेने २०२२च्या कायद्याद्वारे नागरी वृक्षांसाठी दीड अब्ज डॉलर ठेवले, तेव्हा ती रक्कम अनेक वर्षांत खर्च करण्याची मुभा दिली होती. अनुदान मोठे असण्याइतकेच ते लांब मुदतीचे असणे आवश्यक आहे, हे त्यातून दिसते.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. जिल्ह्यातील अकरा नगरपरिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या नगरपंचायती यांनी अनुदानाची मागणी रोपांच्या संख्येवर न करता वृक्षगणनेच्या आधारे करावी. तिच्यात किमान तीन उन्हाळ्यांचे पाणी, प्रशिक्षित छाटणी कामगार आणि जुन्या झाडांच्या तपासणीचा खर्च नोंदवावा. वृक्ष उपकरातून येणारी रक्कम, लहान असली तरी, वेगळ्या खात्यात ठेवून ती शहराचा स्वतःचा हिस्सा म्हणून दाखवावी. शासनानेही अशा प्रस्तावांना एका आर्थिक वर्षाऐवजी पाच वर्षांच्या गणनाचक्राशी जोडलेली मंजुरी द्यावी आणि शेवटचा हप्ता जगलेली झाडे मोजूनच द्यावा. कापसाच्या काळात सावलीला रस्त्याच्या खर्चात स्थान होते; आज शहराच्या अंदाजपत्रकात तिला स्वतःच्या नावाने आणि दरवर्षी स्थान मिळाले पाहिजे.