नाथांचे भिक्षुगीत आणि मनाचे दुखणे



छत्रपती संभाजीनगरहून वायव्येस सुमारे १५ किलोमीटर गेले की देवगिरीचा किल्ला लागतो. दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटर गेले की गोदाकाठचे पैठण येते. श्रीएकनाथ महाराजांचे बहुतेक आयुष्य या दोन ठिकाणी गेले. देवगिरीवर त्यांना सद्गुरू भेटले आणि पैठणास त्यांनी संसार आणि परमार्थ एकाच घरात नांदवून दाखवला. नाथांच्या भक्तीविषयी आपण पुष्कळ ऐकतो. माणसाचे मन कसे दुखते आणि कसे सावरते, यावरही त्यांनी खोल विचार सांगितला आहे. आज त्याचे चिंतन करू.

शरीर, भावना, बुद्धी आणि वागणे ही चार वेगळी खाती नाहीत, हे आपण घरोघर पाहतो. तापाने अंग फणफणले की साधा हिशेब सुचत नाही. अपमान झाला की पुढ्यातले ताट गोड लागत नाही. रात्रभर झोप नसली की सकाळी लेकराच्या पाठीत उगाच धपाटा बसतो. मग प्रश्न पडतो, की या साऱ्या दुःखाचे मूळ कोठे? नाथांच्या भागवतात याचे उत्तर आहे. पण ते बहुधा अर्धेच सांगितले जाते आणि अर्धे सांगितल्याने कधी कधी दुखणाऱ्याला अधिकच लागते.

आधी देवगिरीवर जाऊ. नाथांचे आईवडील लवकर गेले आणि आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. पोरवयातच ते गुरूच्या ओढीने देवगिरीस आले. जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या चाकरीतले मोठे अधिकारी. किल्ल्याचा कारभारही त्यांच्याकडे आणि दत्तभक्तीही त्यांच्या अंगी. परंपरा सांगते, की हिशेबात एका पैची चूक राहिली होती. ती शोधायला नाथ रात्री दिवा लावून बसले. भूक, झोप, थंडी कशाचेही भान उरले नाही. पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर हेच चित्त भगवंताकडे लावलेस तर केवढा होईल!

ही कथा आपण एकाग्रतेसाठी सांगतो. तिच्यात आणखीही एक गोष्ट आहे. मन ज्या गोष्टीला चिकटते, त्याप्रमाणे शरीराची भूक आणि झोपही हलते. पैला चिकटले तर रात्र सुखाची जाते. तेच मन कुणाच्या टोमण्याला चिकटले तर तशीच रात्र जळत जाते. जागरण तेच, दिवाही तोच. फरक आहे तो मनाने काय धरून ठेवले याचा.

आता ग्रंथाकडे वळू. श्रीमद्भागवताच्या ११ व्या स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहिली. पैठणास आरंभ झालेला हा ग्रंथ शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण झाला. त्याचे ३१ अध्याय आहेत. त्यातला २३ वा अध्याय भिक्षुगीताचा.

अवंती नगरीत एक श्रीमंत ब्राह्मण होता. शेती होती, व्यापार होता, पण तो कमालीचा कृपण. स्वतः खाईना, घरच्यांना देईना, अतिथीला उभा करीना. पुढे त्याचे धन गेले. काही भाऊबंदांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. तो उघडा पडला, होरपळला आणि त्या होरपळीतून विरक्त होऊन भिक्षेला निघाला. तेव्हा लोकांनी त्याला छळले. कोणी दंड ओढून घेतला, कोणी भिक्षापात्र, कोणी जपमाळ. देतो म्हणून दाखवायचे आणि पुन्हा हिसकावायचे. नदीकाठी जेवायला बसला तर अन्न विटाळले, मस्तकावर थुंकले, दोरीने बांधले.

त्याने मनाशी विचार केला. माझ्या दुःखाचे कारण कोण? हे लोक? देव? माझा आत्मा? ग्रह? कर्म? काळ? एकेकाला त्याने जणू साक्षीला उभे केले आणि एकेकाला सोडून दिले. आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली तर रागवायचे कोणावर, असा त्याचा दाखला आहे. दातांवर रागावून कोणी दात पाडून घेत नाही. शेवटी त्याने ठरवले, की सुखदुःखाचे चक्र फिरवणारे आपले मन आहे. दान, व्रत, अध्ययन, स्वधर्म या सर्वांचे फळ हेच, की ते मन ताब्यात यावे.

विचार करणाऱ्यांना जगात इतरत्रही हे गवसले आहे. ग्रीक परंपरेतला एपिक्टेटस जन्माने गुलाम होता. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याविषयीची आपली समजूत माणसाला जास्त त्रास देते, असे तो शिकवी. विसाव्या शतकात अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी त्याचे ऋण मानून १९५० च्या दशकात मानसोपचाराची नवी रीत उभी केली. पुढे १९६० च्या दशकात फिलाडेल्फियातील डॉक्टर ॲरन बेक यांना खिन्न रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार दिसले. मी कुचकामी आहे, जग वाईट आहे, पुढेही काही चांगले होणार नाही. हे विचार रुग्णाने स्वतः तपासून पाहावेत, पुरावा मागावा, अशी त्यांची रीत. अवंतीच्या भिक्षूने एकेका कारणाची उलटतपासणी केली, ती याच जातीची. दोघांचे ध्येय मात्र वेगळे. वैद्याला रुग्ण बरा करायचा आहे, भिक्षूला मुक्त व्हायचे आहे.

इथपर्यंतचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. राहिलेले अर्धे आता ऐका.

भिक्षूची कथा भगवंताने उद्धवाला सांगितली, ती कोणत्या प्रसंगी? दुर्जनांनी केलेला अपमान कसा सोसावा, तो तर शहाण्यांनाही सोसवत नाही, असे उद्धवाने विचारले. त्यावर भगवंताने त्याला दटावले नाही. त्यात काय एवढे, असे म्हटले नाही. त्याने उद्धवाचे म्हणणे आधी मान्य केले. दुष्टांच्या शब्दांनी ढवळलेले मन सावरू शकेल असा साधू मिळणे कठीण. मर्मी लागलेल्या बाणापेक्षा कठोर शब्द जास्त खोल रुततात. आधी जखम खरी आहे हे कबूल केले आणि मग भिक्षूची कथा सांगितली.

दुसरी गोष्ट. मन हेच कारण, हे वाक्य भिक्षू कोणाला सांगतो? स्वतःला. साऱ्या गीतात तो आपल्याच मनाशी बोलतो. त्याला छळणाऱ्यांपैकी कोणी जर पुढे येऊन म्हणाला असता, की बाबा, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत, तर ते ज्ञान झाले असते का? ते मस्तकावर आणखी एकदा थुंकणेच झाले असते. भिक्षूच्या हाती तो विचार आधार होता. दुसऱ्याच्या तोंडी तोच विचार आरोप होतो.

नाथांच्या चरित्रात ही दोन्ही अंगे उतरली आहेत. गोदावरीचे स्नान करून परतताना एक मनुष्य त्यांच्यावर थुंकत असे. नाथ पुन्हा स्नानाला जात, तो पुन्हा थुंके. असे १०८ वेळा झाले, नाथ एकदाही रागावले नाहीत आणि शेवटी तो मनुष्य पाया पडला, असे परंपरा सांगते. भिक्षूच्या मस्तकावरची थुंकी ज्यांनी ओव्यांत उतरवली, त्यांच्याच अंगावर पैठणच्या वाटेत ती पडली.

पण त्याच नाथांना वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले, तेव्हा रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी त्याच्या तोंडात रिकामी केली. तापल्या वाळूत पाय भाजून रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू दिसले, तेव्हा त्यांनी ते उचलून कडेवर घेतले. तहान ही मनाची कल्पना आहे, असे त्यांनी गाढवाला सांगितले नाही. लेकराला निरूपण ऐकवले नाही. स्वतःचा अपमान झाला तेव्हा ते मनाकडे वळले आणि दुसऱ्याची तहान दिसली तेव्हा पाण्याकडे.

ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीची कथाही इथे आठवते. अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठाला लागली, तिची वेदना नाथांना जाणवली आणि ते आळंदीस गेले. ती मुळी दूर केली तेव्हा दुखणे सरले. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. कथा भक्तीची आहे, पण तिच्यातली रीत ध्यानात घ्या. कंठाला मुळी लागली असेल तर मुळीच काढावी लागते.

आज हे सांगण्याची गरज आहे, कारण आपल्या घरांतही मुळी लागलेले कंठ आहेत. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की माणूस सुस्त, उदास, विसराळू होतो. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी झाले तरी स्मरण आणि चित्त दोन्ही ढासळू शकतात. बाळंतपणानंतर एखादी लेक आतून काळवंडते. कर्जाने आणि नापिकीने खचलेला शेतकरी आठवडेच्या आठवडे झोपत नाही. अशा वेळी बुद्धीच आजारी असते. ज्या मनाने विचार तपासायचा, ते मनच तापाने फणफणलेले असते. त्याला आपण म्हणतो, नाम घे, सगळे मनावर आहे. नाम गोडच आहे, ते घ्यावेच. पण ज्याचा पाय मोडला त्याला आपण आधी हाडवैद्याकडे नेतो, मग वारीला.

मराठवाड्याला घाटीचा दवाखाना ठाऊक आहे. संभाजीनगरच्या या शासकीय रुग्णालयात मनाच्या आजारांवरही उपचार होतात. २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसा वा रात्री, पैसे न लागता, मनाच्या दुखण्याविषयी बोलता येते. हा क्रमांक हरिपाठाच्या पोथीत लिहून ठेवला तर पोथीला कमीपणा येत नाही.

फाल्गुन वद्य षष्ठीला, शके १५२१ मध्ये, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीला पैठणास लाखोंचा मेळा भरतो आणि गावोगावी भागवताचे निरूपण होते. कीर्तनकार मंडळींना आणि आपणा सर्वांना एक विनंती. भिक्षुगीत जरूर सांगा, पण उद्धवाच्या प्रश्नापासून सांगा. शब्दांचे बाण खरेच रुततात, हे भगवंताने मान्य केले आहे, ते आधी लोकांच्या कानी पडू द्या. समोर बसलेल्यांत कोणी तरी रात्रभर जागून आलेला असतो. त्याला वाटले पाहिजे, की माझे दुखणे इथे कोणाला तरी खरे वाटते. मग तो स्वतःच्या मनाशी बोलायला बसेल आणि गरज असेल तर वैद्याकडेही जाईल. त्याच्यासोबत वैद्याच्या दारापर्यंत जाणे, हीही नाथांची सेवाच आहे.

रामकृष्णहरी!