नदीपारचे नार्वे : एका स्थलांतरित वस्तीचा वारसा

गाव म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्याच्या चतुःसीमा सांगून दिले जाते. पूर्वेस अमुक डोंगर, पश्चिमेस तमुक ओहोळ, आणि त्यांमध्ये वसलेली घरे, शेते व देवस्थाने एवढ्यांचा मिळून गाव होतो, अशी आपली समजूत असते. परंतु गोमंतकात काही गावे अशी आहेत की, त्यांची खरी सीमा या चतुःसीमांत मावत नाही. त्यांचा अर्धा भाग त्यांच्या जमिनीत असतो व उरलेला अर्धा त्यांच्या स्मृतीत. डिचोली तालुक्यातील नार्वे हे असे एक गाव होय. मांडवीच्या एका तीरावर हे नार्वे आहे; पैलतीरी दिवाडी बेटावर त्याच नावाचे दुसरे नार्वे आहे; आणि या दोहोंमधून जे पाणी वाहते त्याने सुमारे साडेचारशे वर्षे त्यांना जोडलेही आहे आणि तोडलेही आहे.

प्रथम जुन्या नार्व्याकडे वळू. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर याचे मूळ स्थान दिवाडीवरील नार्वे हे होते. सप्तर्षींच्या तपाने प्रसन्न होऊन भगवान शंकर तेथे प्रकट झाले, अशी त्याची पुराणकथा आहे. कदंब नृपती आपणांस सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य लाभले असे बिरुदातून अभिमानाने सांगत. बाराव्या शतकातील शिवचित्त परमाडिदेव व त्याची राणी कमलादेवी यांच्या काळी या राज्याची भरभराट झाली होती, आणि त्या राजाच्या सुवर्णनाण्यांवरही या देवतेचे नाव कोरलेले आढळते. देवतेचे नाव बाजारातल्या नाण्यावर यावे, यावरून ते देवालय केवळ पूजेचे स्थान नसून राज्याच्या प्रतिष्ठेचे अधिष्ठान होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या देवालयावर पहिला आघात चौदाव्या शतकात बहामनी स्वारीच्या वेळी झाला. पुढे विजयनगरचा अंमल गोव्यावर बसला, तेव्हा माधवमंत्री या विद्वान अधिकाऱ्याने त्याच शतकाच्या अखेरीस त्याचा पुनरुद्धार केला. दुसरा आघात मात्र अधिक खोल गेला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकली. १५४० पासून तेथील देवळे पाडण्याची मोहीम सुरू झाली. १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. आणि १५६० मध्ये धर्मसमीक्षणसभा, म्हणजेच इन्क्विझिशन, गोव्यात स्थापन झाली. सोळाव्या शतकाच्या मध्यास सप्तकोटीश्वराचे देवालय जमीनदोस्त झाले आणि त्या जागी मातेचे एक प्रार्थनामंदिर उभे राहिले. देवाचे लिंग एका विहिरीच्या कामी लावण्यात आले होते व तेथून काही भाविकांनी ते गुप्तपणे सोडवून नदीपार नेले, अशी परंपरा आहे.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देवळाचे उत्पन्न गेले याचा अर्थ केवळ दिवाबत्ती बंद पडली एवढाच नव्हे. गोव्यातील गावकरी ही संस्था फार पुरातन आहे. पोर्तुगीजांनीही १५२६ मध्ये तिच्या चालीरीतींची सनद लिहून काढली, इतके तिचे महत्त्व होते. शेतांचे बांध, खाजणांची राखण, जमिनीचा लिलाव, देवाचा उत्सव आणि मानपानाचा क्रम ही सर्व एकाच व्यवस्थेची अंगे होती. पुजारी, भट, कलावंत, देवळी, वाजंत्री, कुंभार, सुतार यांचा निर्वाह त्या व्यवस्थेतून होत असे. देऊळ पडले तेव्हा हा सारा प्रपंच एकाच वेळी निराधार झाला. म्हणून जे लोक नदी उतरले ते केवळ श्रद्धेपायी उतरले असे म्हणणे अपुरे होय. त्यांच्या जगण्याची चौकटच मोडली होती.

ते गेले कोठे? पैलतीरावर डिचोली महाल होता आणि तेथे त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. फोंडे महालाचीही हीच स्थिती होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. चोडणचा देवकीकृष्ण प्रथम मये येथे व नंतर माशेलास स्थिरावला. खुद्द दिवाडीचा गणपती अखेर खांडोळ्यास विसावला. या सर्व देवतांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात. आमच्या पाठ्यपुस्तकांतून इतिहास दोन धर्मांच्या झुंजीच्या रूपाने जितका सोपा करून सांगितला जातो, तितका तो सोपा नाही याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

नदीपार जी वस्ती झाली तिने जुन्या नार्व्याचेच नाव धारण केले. ही भूमी त्यापूर्वी ओसाड होती असे नव्हे. जैनकोट या नावाने ओळखले जाणारे तेथील अवशेष जैन उपासनेची साक्ष देतात आणि जांभ्या दगडात कोरलेली स्थानेही परिसरात आहेत. म्हणजे आधीच्या वसाहतींच्या थरावर हा नवा थर बसला. स्थलांतरित माणूस नव्या भूमीस जुने नाव का देतो, याचा विचार करण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात जर्मन लोकांची मोठी वस्ती झाली. शहराच्या मुख्य भागातून तिकडे जाताना एक कालवा ओलांडावा लागे. त्या कालव्यालाच लोक ऱ्हाइन नदी म्हणू लागले व पलीकडच्या वस्तीस ‘ऱ्हाइनपार’ असे नाव पडले. तेथे त्यांनी आपल्या गायनमंडळ्या, व्यायामशाळा, वर्तमानपत्रे व मद्याचे कारखाने उभारले. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयी द्वेष उसळला तेव्हा १९१८ मध्ये तेथील रस्त्यांची जर्मन नावे बदलण्यात आली. पुढे कालवाही आटवून त्याच्या जागी १९२८ मध्ये रुंद रस्ता झाला. तरी वस्तीचे नाव मात्र अद्याप ऱ्हाइनपार असेच आहे. पाणी नाहीसे झाले, पण पाण्याचे नाव राहिले.

नार्व्याची कथा याच जातीची, परंतु एका बाबतीत अगदी भिन्न आहे. सिनसिनाटीचा जर्मन समुद्र ओलांडून गेला होता. त्याची ऱ्हाइन त्याला पुन्हा दिसणार नव्हती. नार्वेकरांनी केवळ एक नदी ओलांडली होती. सकाळी घाटावर उभे राहिले असता त्यांना आपली जुनी शेते समोर दिसत. ज्यांनी गाव सोडला नाही व जे ख्रिस्ती झाले ते त्यांचेच भाऊबंद होते. अशा वस्तीस विस्मरणाचे सुख लाभत नाही. तिला आठवण जपावीच लागते, आणि ती रोज समोर दिसत असताना जपावी लागते.

या वस्तीस स्थैर्य आले ते शिवछत्रपतींच्या काळी. १६६७ च्या नोव्हेंबरात महाराजांनी बारदेशावर स्वारी केली व त्यानंतर पोर्तुगीजांशी तह झाला. पुढील वर्षी, म्हणजे शके १५९० च्या कार्तिकात, महाराजांच्या आज्ञेने सप्तकोटीश्वराच्या देवालयाचा प्रारंभ झाला. तसा लेख देवालयाच्या दारावर आहे. हे देवालय भव्य नाही. आटोपशीर गर्भगृह, त्यावर अष्टकोनी बैठकीचा घुमट, पुढे मंडप व दीपस्तंभ, शेजारी काळभैरवाचे लहान स्थान असा त्याचा बेत आहे. लिंग पैलू पाडलेले असून त्यास धारालिंग म्हणतात. कदंबांच्या वैभवाशी तुलना करता ही वास्तू साधी वाटेल. परंतु पोर्तुगीज सत्तेच्या अगदी तोंडाशी, नदीच्या एका पल्ल्यावर, ती उभी राहिली यात तिचे मोल आहे. शंभरांहून अधिक वर्षे पाहुणा असलेला देव त्या दिवशी घरधनी झाला.

पुढे १७८१ मध्ये डिचोलीही पोर्तुगीजांकडे गेली. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच राज्यात पुन्हा येण्याचा प्रसंग नार्व्यावर आला. परंतु काळ बदलला होता. या नव्या काबिजादीत लोकांचा धर्म व चालीरीती यांस हात लावणार नाही, असे अभिवचन सरकारने दिले होते व ते बव्हंशी पाळले गेले. इन्क्विझिशनही १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. देवस्थानांचा कारभार महाजनांकडे राहिला; १८८६ व १९३३ च्या नियमावल्यांनी त्यास कायद्याचे रूप दिले.

महाजन ही संस्था या स्थलांतरित जीवनाचा कणाच होय. महाजन गावात राहतोच असे नाही. तो मुंबईस असेल, बेळगावास असेल, कारवारास असेल. परंतु उत्सवास त्याने यावे, अग्रशाळेत उतरावे, आपल्या वाट्याची सेवा करावी व मुलांना आपल्या कुळाची ओळख करून द्यावी, असा परिपाठ असे. महाशिवरात्रीची गर्दी, कीर्तन, पुराण, पालखी यांतून मराठी भाषेचे शिक्षणही आपोआप होत असे. सरकारी शाळांतून पोर्तुगीज चालत असताना गोमंतकातील मराठी जिवंत राहिली ती देवळाच्या सभामंडपात आणि घरोघरीच्या पंतोजींच्या ओसरीवर. आम्ही शिक्षकांनी हे ऋण विसरू नये.

गोकुळाष्टमीच्या दिवशी नार्व्याच्या तीर्थावर स्नानास लोक लोटतात. हे स्नान मांडवीच्या पाण्यात होते, आणि तेथून समोर दिवाडी दिसते. आमच्या मते या स्नानात नार्व्याचा सारा इतिहास साठलेला आहे. जुन्या तीर्थाकडे पाठ फिरवून नवे तीर्थ निर्माण झाले नाही. दोन्ही तीरांचे पाणी एकच आहे हे त्यात ओळखले गेले. पैलतीरीही जीवन थांबले नव्हते. दिवाडीच्या ख्रिस्ती समाजाने बोंदेराचा निशाणांचा उत्सव व पोटेकारांची सोंगे यांतून आपले गावपण राखले. त्यांच्या वाड्यांच्या सीमांचे तंटे, त्यांचे घुमट, त्यांची गावकरी ही त्याच जुन्या गावाची वंशज आहेत. जुन्या देवालयाच्या स्थळी कोटितीर्थाचे अवशेषही अद्याप आहेत.

असा हा वारसा आज एका वळणावर आला आहे. नदीपारच्या देवालयाचा सरकारने जीर्णोद्धार केला व २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. त्याआधी, २०२२ च्या अंदाजपत्रकात, पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्निर्माणासाठी वीस कोटी रुपयांची तरतूद झाली होती, आणि तेव्हापासून दिवाडीच्या जुन्या स्थळाचीही चर्चा होत आहे. या चर्चेत दोन टोके दिसतात. झाले गेले विसरून जावे असे काही म्हणतात. झाल्याची भरपाई व्हावी असे दुसरे म्हणतात.

आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. देऊळ पाडले गेले, हे सत्य सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. मुलांना ते सन व नावांसह सांगितले पाहिजे. परंतु त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, आज दिवाडीवर राहणारा ख्रिस्ती बांधव हा पाडणाराचा वंशज नसून ज्यांचे देऊळ पडले त्यांचाच वंशज आहे. जो नदी उतरला त्याने देव राखला. जो मागे राहिला त्याने भूमी राखली. दोघांनीही काही गमावले व दोघांनीही काही सांभाळले. ही दुहेरी ओळख ज्या पुनर्निर्माणात पुसली जाईल, ते कितीही सुबक झाले तरी त्यातून नार्वे पुन्हा उभे राहणार नाही.

आमच्या शिक्षकबंधूंस एवढेच सुचवावेसे वाटते की, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एकदा फेरीबोटीने या दोन नार्व्यांमधून न्यावे. सकाळी कोटितीर्थाचे अवशेष दाखवावेत, तेथील गावकऱ्यांशी बोलावे, मग नदी ओलांडून दारावरील तो लेख वाचून घ्यावा. फेरीस काही मिनिटेच लागतात. तेवढ्या मिनिटांत चार राजवटी, दोन धर्म आणि एक गाव यांचा संबंध जो विद्यार्थी समजून घेईल, त्यास इतिहास हा विषय निराळा शिकवावा लागणार नाही.