यरुशलेमचा झरा आणि बाराशे हातांचा बोगदा

यरुशलेमचे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांतही विरळाच. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचेही ते पवित्र शहर. तिथल्या प्राचीन मंदिराची पश्चिम भिंत, ख्रिस्ताच्या कबरीवरचे चर्च, सोनेरी घुमटाची इमारत यांची चित्रे तुम्ही पाहिली असतील. पण आज मी तुम्हांला यांपैकी कोठेच नेणार नाही. न्यायचे आहे ते जमिनीखाली, एका अंधाऱ्या, ओल्या बोगद्यात. हे शहर मुळात तिथे वसले का, हे त्या बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिले की कळते.

यरुशलेम डोंगरकण्यावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. जवळ नदी नाही. पाऊस आपल्या उलट, हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा सगळा कोरडा जातो. अशा जागी वस्ती टिकली ती एका झऱ्यावर. टेकडीच्या पूर्वेला किद्रोन ओढ्याचे खोरे आहे. त्याच्या काठाला हा गीहोन झरा फुटतो. गीहोन म्हणजे उसळणारा. चुनखडीच्या पोटातल्या पोकळ्यांत पाणी साठायचे आणि मग एकदम उसळी मारून बाहेर यायचे, म्हणून हे नाव. शलमोनाला राजा म्हणून अभिषेक झाला तो याच झऱ्यावर, असे बायबल सांगते. पुढे ख्रिस्ती यात्रेकरू त्याला मरियेचा झरा म्हणू लागले, आणि अरब रहिवासी उम्म अद-दरज, म्हणजे पायऱ्यांची आई, असे म्हणतात. पाणी एक, नावे तीन.

अडचण अशी, की गाव टेकडीवर आणि पाणी खाली. झऱ्याभोवती फार पूर्वी बुरूज बांधले गेले होते, तरी वेढा पडला की पाण्याचा घोर लागायचाच. हा घोर इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात फार वाढला. उत्तरेचे शोमरोन शहर अश्शूरच्या सैन्याने इ. स. पू. ७२२ च्या सुमारास घेतले. दक्षिणेत यहूदाच्या गादीवर हिज्कीया राजा होता. त्याने अश्शूरची खंडणी थांबवली, आणि इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजा फौज घेऊन आला.

हिज्कीयाने झऱ्याचे पाणी शहरात आणले, असे बायबलात आहे. त्याचा बोगदा आजही वाहता आहे. लांबी ५३३ मीटर. सरळ रेषेत अंतर त्याहून पुष्कळ कमी, पण बोगदा नागमोडी गेला आहे. कोठे वाकून जावे लागते, कोठे खांदे दोन्ही बाजूंना घासतात, आणि दक्षिण टोकाकडे छत डोक्याच्या कितीतरी वर जाते. एवढ्या लांबीत उतार आहे जेमतेम फूटभर!

आणि खोदकाम झाले ते दोन्ही टोकांकडून. टिकावांचे घाव भिंतींवर अजून दिसतात. एका बाजूचे एका दिशेला तिरके, दुसऱ्या बाजूचे उलट. भेटीच्या जागेजवळ वाट चुकून खोदलेले आणि सोडून दिलेले तुकडेही आहेत. दगडात विहीर खणणाऱ्याला विचारा, खाली दिशा राखणे म्हणजे काय असते ते! मग ही माणसे एकमेकांना भेटली कशी? कोणी म्हणतात, खडकातल्या पाझरत्या भेगेचा माग धरला. कोणी म्हणतात, वरून घणाचे ठोके देऊन दिशा दाखवली. वाद मिटलेला नाही. मला वाटते दोन्हींचा उपयोग झाला असावा.

१८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन पंडिताने हा बोगदा सरपटत पार केला आणि मोजला; पण दक्षिण टोकाजवळचा कोरीव लेख त्याच्या नजरेतून निसटला. तो सापडला १८८० साली, पाण्यात खेळायला शिरलेल्या एका विद्यार्थ्याला. शिक्षकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे!

लेख प्राचीन हिब्रू लिपीत, सहा ओळींचा. तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी बाराशे हात वाहत गेले, असा त्यातला मजकूर आहे. डोक्यावर शंभर हात खडक होता, हेही नोंदवले आहे. हात म्हणजे आपल्यासारखेच माप, कोपरापासून बोटांपर्यंत. पण राजाचे नाव? ते कोठेच नाही! देवाचेही नाही. राजाच्या आज्ञेचा लेख असता तर नाव पहिल्या ओळीत आले असते. हे खणणाऱ्यांचेच बोलणे असावे, असे मी मानतो.

नाव नसल्यामुळे काळाबद्दल वाद होताच. बोगद्याच्या गिलाव्यातले वनस्पतींचे अवशेष आणि छताला लटकलेली चुनखडी तपासून शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याचा काळ इ. स. पू. ७०० च्या आसपास ठरवला.

वेढ्याचे पुढे काय झाले? इथे दोन साक्षीदार आहेत. सन्हेरीबने मातीच्या षट्कोनी ठोकळ्यावर आपला पराक्रम लिहवून घेतला: ४६ तटबंद शहरे घेतली, हिज्कीयाला कोंडले. यरुशलेम घेतले, असे मात्र त्यात नाही. बायबल म्हणते, देवदूताने अश्शूरचे सैन्य मारले. खंडणीत तीस किक्कार सोने दिल्याचे दोघेही सांगतात. चांदीचा आकडा बायबलात तीनशे, तर ठोकळ्यावर आठशे. शहर पडले नाही, एवढे नक्की. लाखीश पडले, तिथली माणसे कुटुंबकबिल्यासह हाकलून नेली जात असल्याची शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

बोगदा जिथे संपतो ते शिलोहाचे तळे. येशूने जन्मांधाला डोळे धुवायला पाठवले ते हेच. त्या काळच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या २००४ साली सांडपाण्याच्या नळाची दुरुस्ती करताना उघड्या पडल्या. वरती सिलवान ही अरब वस्ती आहे. १९६७ च्या युद्धात हा भाग इस्राएलच्या ताब्यात गेला, आणि उत्खनन कोणी करावे, घरे कोणाची, यावरून तिथे कडू भांडण चालले आहे. कोरीव लेखही जागेवर नाही. १८९० च्या सुमारास कोणी तो खडकातून चोरून काढला, त्यात त्याचे तुकडे झाले. तेव्हा तुर्कांचे राज्य होते, म्हणून सापडलेले तुकडे जोडून इस्तंबूलच्या संग्रहालयात गेले. बोगद्यात आता बॅटरीच्या उजेडात प्रवासी चालतात, गीहोनच्या थंड पाण्यातून.