०.८ माणूस: स्त्री-पुरुषांच्या आहारातल्या स्निग्धाचा हिशोब कसा ठरला



आजच्या विषयाची सुरुवात मी तुपाच्या भांड्यापासून करतो. आमच्या लहानपणी घरी पुरुषांची पंगत आधी बसायची. वरणभातावर तुपाची धार पडायची. बायका मागून बसायच्या, तोवर भांडं तळाला आलेलं असायचं. पण त्याच घरात कुणी बाळंत झाली की सगळं उलटं. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तुपात भिजवलेला भात. सव्वा महिना तुपावर पहिला हक्क तिचा. त्या काळात आजोबांनीसुद्धा तूप मागितल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे एकाच घरात दोन नियम होते. एरवी बाईला कमी, बाळंतपणात बाईला जास्त. गंमत अशी, की आहारशास्त्रातही हेच दोन हिशोब आहेत. पहिला १९ व्या शतकात मांडला गेला. दुसरा अधिकृत कागदावर यायला १९९३ साल उजाडलं. हा वेळ का लागला, हे आज बघू.

पहिला हिशोब जर्मनीत सुरू झाला. म्युनिकमध्ये कार्ल फॉन फॉइट नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. कामकरी माणूस रोज किती खातो, याची त्यांनी मोजदाद केली आणि एक मानक दिलं: ११८ ग्रॅम प्रथिनं, ५६ ग्रॅम स्निग्ध, ५०० ग्रॅम कर्बोदकं. हे मानक मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषासाठी होतं. यात एक गोष्ट लक्षात घ्या. माणसाला किती लागतं, याचं हे उत्तर बऱ्याच अंशी माणूस किती खातो, यावरून आलेलं होतं. आणि तो माणूस कमावता पुरुष होता.

फॉइटच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी पुढचं पाऊल टाकलं. कुटुंबांच्या आहाराची पाहणी करताना त्यांना अडचण आली. घरात महिन्याचं तेल, पीठ, मांस किती आलं ते कळतं, पण खाणारी तोंडं सारखी नसतात. मग त्यांनी गुणक ठरवले. मध्यम काम करणारा पुरुष म्हणजे १. स्त्री म्हणजे ०.८. सहा ते नऊ वर्षांचं मूल ०.५. दोन वर्षांच्या आतलं बाळ ०.३. पुढे ग्रॅहम लस्क यांनी स्त्रीसाठी ०.८३ हा आकडा दिला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मित्रराष्ट्रांनी अन्नाची वाटणी ठरवायला शास्त्रज्ञांचा आयोग नेमला, तेव्हा तोच आकडा कामी आला.

आता हा गुणक चुकीचा होता का? नाही. ऊर्जेच्या बाबतीत तो बराचसा बरोबरच आहे. बाईचं वजन सरासरीनं कमी, स्नायू कमी, म्हणून एकूण उष्मांक कमी. घोटाळा पुढे होतो. स्निग्धाची गरज ऊर्जेच्या मागोमाग धरली, की स्निग्धही आपोआप ०.८ होतं. जणू स्त्रीचं शरीर म्हणजे पुरुषाचीच थोडी लहान प्रत.

आपल्याकडेही हा गुणक आला. डब्ल्यू. आर. आयक्रॉइड हे राष्ट्रसंघातलं आहारविषयक काम करून १९३५ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. तीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय आहार-पाहण्यांत ‘कन्झम्प्शन युनिट’ म्हणजे ग्राहक-एकक वापरतात. बैठं काम करणारा पुरुष १, बैठं काम करणारी स्त्री ०.८. घरात आलेल्या तेलाला एककांनी भागलं की प्रत्येकाचा वाटा निघतो. कागदावर निघतो, बरं का. पंगतीत मागून बसणारीच्या पानात खरंच ०.८ पडलं की ०.४, हे त्या भागाकारातून कळत नाही. त्यासाठी तिचं एकटीचं ताट मोजावं लागतं.

इथपर्यंत प्रश्न किती लागतं, हा होता. १९५० नंतर प्रश्नच बदलला. आता विचारायला लागले, स्निग्धानं किती अपाय होतो? अमेरिकेत मध्यमवयीन पुरुष हृदयविकारानं जात होते. अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध ‘सात देशांचा अभ्यास’ सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. माणसं १२ हजारांवर, वय ४० ते ५९, आणि सगळे पुरुष. नंतर अमेरिकेत हृदयविकाराचे धोके एकत्रितपणे कमी करण्याची मोठी चाचणी झाली. त्यात १२,८६६ जण होते. तेही सगळे पुरुष. यामागे कारण होतं. त्या वयात पुरुषांना झटके जास्त येत, त्यामुळे उत्तर लवकर मिळे. पण १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीनं आहाराची उद्दिष्टं जाहीर केली, तेव्हा स्निग्ध ३० टक्क्यांवर आणा, हा सल्ला सगळ्यांना दिला. स्त्रियांनासुद्धा. आणि घरचा स्वयंपाक कोण करत होतं? सल्ला पाळला तो आधी त्यांनीच.

स्त्रियांवर मोठी चाचणी झाली ती १९९० च्या दशकात. बर्नडीन हीली या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक. त्यांच्या कारकिर्दीत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ सुरू झालं. त्यातल्या आहार-चाचणीत ५० ते ७९ वयाच्या ४८,८३५ स्त्रिया होत्या. एका गटाला स्निग्ध २० टक्क्यांपर्यंत उतरवायला सांगितलं. सरासरी आठ वर्षांनंतर, २००६ मध्ये निकाल आला. हृदयविकार किंवा स्तनांचा कर्करोग यांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल अशी घट दिसली नाही. अर्थात त्या गटाला २० टक्के गाठताही आलं नव्हतं. शिवाय या सगळ्या जणी पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या. तरुण, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाईचा प्रश्न या चाचणीतही नव्हताच.

तो प्रश्न वेगळ्या वाटेनं पुढे येत होता. १९२९ साली मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना स्निग्ध अजिबात न देता वाढवलं. बाकी सगळं दिलं, उष्मांकही पुरेसे. तरी वाढ खुंटली, शेपटीला खवले आले आणि माद्यांचं बीज सुटण्याचं चक्र बिघडलं. म्हणजे स्निग्ध हे नुसतं जळण नाही, त्यातली काही मेदाम्लं शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात. १९४७ मध्ये मार्सेचे डॉक्टर झाँ व्हाग यांनी दाखवलं की पुरुषाची चरबी पोटाकडे साठते आणि स्त्रीची नितंब-मांड्यांकडे, आणि आजारांचा धोका पोटाकडच्या साठ्याशी जास्त जोडलेला आहे. १९७४ मध्ये रोझ फ्रिश आणि जेनेट मॅकार्थर यांनी लिहिलं की पाळी सुरू व्हायला आणि नियमित राहायला शरीरात ठरावीक चरबी लागते. त्यांनी दिलेल्या नेमक्या टक्केवारीवर पुढे बरेच वाद झाले. पण उपासमारीत आणि अतिव्यायामात पाळी थांबते, हे डॉक्टर आधीपासून पाहत होते.

आता अंगावर पाजणाऱ्या बाईचं गणित करू. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ३.५ ते ४ ग्रॅम स्निग्ध असतं. दिवसाला ७५० मिलिलिटर धरलं, तर २५ ते ३० ग्रॅम स्निग्ध तिच्या शरीरातून रोज बाहेर जातं. बाळाला दुधातून मिळणारी जवळजवळ निम्मी ऊर्जा यातूनच येते. नीट खायला मिळालेल्या बाईच्या अंगावर गरोदरपणात तीन-चार किलो चरबी साठते, ती यासाठीच. जिला मिळालंच नाही, तिच्याकडे साठा कुठला?

म्हणून १९९३ ची नोंद महत्त्वाची. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांची रोमला बैठक झाली. त्यांनी सांगितलं: बहुतेक प्रौढांना एकूण ऊर्जेपैकी किमान १५ टक्के स्निग्धातून मिळावी, पण प्रजननक्षम वयातल्या स्त्रीला किमान २० टक्के. हिस्सा जास्त, कमी नव्हे.

कागद-पेन्सिल घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २३२० किलोकॅलरी आणि स्त्रीला १९००. भागून बघा, ०.८२ येतं. तोच जुना गुणक. आता पुरुषाचे १५ टक्के म्हणजे ३४८ किलोकॅलरी, ९ नं भागले की सुमारे ३९ ग्रॅम. स्त्रीचे २० टक्के म्हणजे ३८० किलोकॅलरी, सुमारे ४२ ग्रॅम. बघा, ताट लहान असूनसुद्धा तिची किमान गरज ग्रॅममध्येही त्याच्यापेक्षा जास्त निघाली.

त्याच शिफारशीत वरून घालायच्या तेल-तुपाचा तक्ता आहे. बैठं काम करणारा पुरुष २५ ग्रॅम, स्त्री २० ग्रॅम. पुन्हा ०.८. पण गरोदर आणि स्तनदा स्त्रीला ३० ग्रॅम. आमच्या आजीचे दोन्ही नियम एकाच तक्त्यात आहेत. फक्त आजीचा नियम सव्वा महिन्यानं संपायचा, आणि बाई पुढे वर्षभर अंगावर पाजत असायची.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, म्हणजे बायकांनी तूप जास्त खावं, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर: नाही ताई, सरसकट नाही. मी किमान मर्यादेबद्दल बोललो. वरची मर्यादा दोघांना सारखीच आहे, साधारण ३० ते ३५ टक्के. आणि त्यातही तूप, लोणी, खोबरेल यांसारखं संतृप्त स्निग्ध एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावं, असं सांगतात. शहरात आपण बहुतेक जण किमान मर्यादेच्या कितीतरी पुढे आहोत. तिथे तेल कमी करा, हा सल्ला पुरुषाला आणि बाईलाही लागू. गरोदरपणातही नुसतं तूप पुरत नाही. बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ तुपात फारसं नसतं. ते माशांत असतं, आणि त्याचं कच्च्या स्वरूपातलं मेदाम्ल जवस, अक्रोड यांत मिळतं. अळिवातही ते बऱ्यापैकी आहे. मी म्हणतोय ते कोरडी भाकरी आणि चटणी खाऊन शेतात जाणाऱ्या बाईबद्दल. तिला कुणी ‘बायकांना तेलकट कमी लागतं’ असं सांगितलं, तर तो आकडा कुणाच्या ताटावरून आला, हे आधी विचारा.