पाचाडला आलेले पाहुणे

माझी भाची सॅन होजेला असते. तिथल्या भगिनी शहरांच्या यादीत पुण्याचे नाव बघून तिला भारी आनंद झाला आणि तिने फोन केला. पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहरे आहेत. मुंबई-योकोहामा तर त्याहून जुनी जोडी, १९६५ ची. एकमेकांकडे शिष्टमंडळे जातात, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात, फोटो निघतात. बोलता बोलता ती म्हणाली, "मामा, आपल्या महाडला कधी कोणी आले होते का हो असे?"

मी म्हटले, "आले होते की. मे १६७४ मध्ये. मुंबईहून."

ती हसली. पण फोन ठेवल्यावर मला काही हसू आले नाही, कारण या पाहुण्यांची गोष्ट मी वर्गात पंचवीस-तीस वर्षे सांगितली आणि अर्धीच सांगितली. म्हणून हा लेख.

वर्गात सांगायचो ते असे : शिवरायांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, त्याने मुजरा केला, नजराणा दिला. मुलांनी वहीत लिहून घ्यावे. एका मार्काचा प्रश्न. यात खोटे काही नाही. पण तो नुसता अभिनंदनाला आला होता असे मुलांना वाटायचे, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटायचे.

एकदा सोनगडाच्या पायथ्याकडून शिकायला येणाऱ्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, आमच्या सोनगडावर गोरे कैदी होते म्हणतात, ते कोण?" मला माहीत नव्हते. मास्तरला माहीत नसले की मास्तर काय करतो ते सर्वांना ठाऊक आहे. मी म्हटले, "पुस्तकात आहे तेवढे आधी पाठ कर." तो खाली बसला. पुन्हा त्याने वर्षभर एक प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' हा पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये छापलेला ग्रंथ हाती आला. माझे सगळे शिक्षण मराठीतून, त्यात ते इंग्रजी तीनशे वर्षांपूर्वीचे. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज दोन पाने, असे वाचले. त्यात त्या मुलाचे उत्तर सापडले.

१६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि आपले निशाण फडकवून गडावर गोळे टाकू लागले. शिवाजी महाराज गडातच होते. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटले, वखार खणून काढली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या साथीदारांना कैद केले. ते कैदी ज्या किल्ल्यांवर ठेवले त्यात आपल्या महाडजवळचा हा सोनगड. तिथून ते सुरतेच्या वरिष्ठांना पत्रे लिहीत, आम्हाला सोडवा म्हणून. सुरतेहून १६६२ मध्ये उत्तर आले त्याचा मथितार्थ असा की, तुम्ही काही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, इंग्रजांचे निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात, त्याचे हे फळ. आपल्याच माणसांनी असे लिहावे! १६६३ मध्ये ते सुटले. पण राजापूरच्या लुटीची भरपाई हा विषय मुंबईकर इंग्रजांनी सोडला नाही. अकरा वर्षांनी ऑक्झिंडन आला तो हा हिशेब खिशात घेऊन. राज्याभिषेक हे निमित्त होते.

त्याला धाडले मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने. माणूसही निवडून धाडला. १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा तिथल्या इंग्रजी वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडन होता, हा त्याच घराण्यातला. मंडळी मे महिन्याच्या मध्यास मुंबईहून निघाली. चौलला पोहोचेपर्यंत रात्र झाली, पोर्तुगिजांनी वेशीचे दरवाजे लावून घेतलेले, म्हणून पहिला मुक्काम वेशीबाहेर. पुढे खाडीने रोह्याजवळच्या अष्टमीला, तिथून निजामपूर आणि मग पाचाड. आजही एस.टी.ने याच अंगाने येता येते. मे महिन्यात तो रस्ता कसा असतो ते मी सांगायला नको.

पाचाडला पोहोचले तर यजमान घरी नाहीत! महाराज चिपळूणच्या परशुरामाचे दर्शन घेऊन प्रतापगडावर भवानीला गेले होते. माझी पहिली नेमणूक पोलादपूरची. आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे मी किती वेळा गेलो असेन, पण त्या दिवसांत खाली पाचाडच्या माळावर तंबू ठोकून इंग्रज वाट बघत बसले होते हे कधी डोक्यात आले नाही. साहेब दौऱ्यावर आहेत, बसा, हे वाक्य फार जुने दिसते.

या बसलेल्या मंडळींची सोय बघणारी दोन माणसे मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एक महाराजांकडचे निराजी रावजी, दुसरा इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी. शेणवी दोन महिने आधीही रायगडावर येऊन वातावरण बघून गेला होता. कोणाला काय नजराणा द्यावा, कोणता विषय काढावा, कोणता काढू नये, हे सगळे या दोघांच्या बोलण्यात ठरे. इंग्रजांना जंजिऱ्याच्या सिद्दीशी महाराजांचा तह घडवून आणायचा होता. त्या विषयात काही अर्थ नाही हे निराजींनी वेळीच सांगून टाकले. अशी माणसे नसती तर पाहुणे गडावरून उपाशी आणि रागावून परत गेले असते.

उपाशी म्हटले ते उगीच नाही. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर त्या काळी मुंबई-सुरतेकडे होता, त्याच्या प्रवासवर्णनात ही हकीगत आहे. गडावर मंडळींना तुपातली खिचडी मिळे. दोन दिवस बरी वाटली, मग नको झाली. महाराजांच्या कानावर घातले, तेव्हा एका खाटकाला हुकूम झाला आणि रोज अर्धा बकरा येऊ लागला. तो खाटीक चांगला म्हातारा. इतक्या वर्षांत खपले नाही एवढे मटण या चार दिवसांत खपवणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे बघायला तो आपल्या पायांनी गड चढून आला! रोपवे १९९६ चा, हे लक्षात घ्या. सगळ्या कागदांत मला हा म्हातारा फार आवडतो. नाव नोंदलेले नाही. त्याने काय बघितले आणि खाली जाऊन काय सांगितले, तेही कोणी लिहून ठेवले नाही. नाहीतर पाहुण्यांकडे आपण कसे बघितले याचा तो पहिला कागद झाला असता.

राज्याभिषेकाचा दिवस सर्वांना माहीत आहे, थोडक्यात आटोपतो. सकाळी ऑक्झिंडन दरबारात गेला, दुरून अभिवादन केले, नारायण शेणव्याने हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचे लक्ष गेले, त्यांनी सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून मानाची वस्त्रे दिली. भाल्यांवरची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाचा तराजू, सगळे त्याने टिपून घेतले. बाहेर पडताना दारात दोन लहान हत्ती बघून हे एवढ्या अवघड वाटेने वर आले कसे याचा त्याला अचंबा वाटला. अजून सहलीतली मुले हाच प्रश्न विचारतात.

तारखेबद्दल एक सांगतो, कारण दरवर्षी वाद होतो. ६ जून ही इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या पंचांगातली तारीख. चौलच्या पोर्तुगिजांच्या पंचांगात त्याच दिवशी १६ जून होता. आपल्याकडे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तेव्हा आपण ६ जूनला गडावर जातो ते पाहुण्यांच्या कालनिर्णयाने. मी दोन्ही दिवशी जायचो, पाय होते तोवर.

मानाची वस्त्रे मिळाली तरी ऑक्झिंडन लगेच निघाला नाही. हिशेब राहिला होता. १२ जूनला करारावर सह्या झाल्या. मालावर शेकडा अडीच जकात ठरली. इंग्रजांच्या दोन मागण्या मात्र अडल्या. त्यांचे नाणे आपल्या मुलखात चालावे, या कलमाची महाराजांना गरज वाटली नाही. नाणे खरे असेल तर लोक घेतील, सक्ती कशाला? दुसरी, किनाऱ्याला लागलेली फुटकी गलबते परत द्यावीत. तर कोकणच्या वहिवाटीत ते बसत नाही, आणि तुम्हाला दिले की फ्रेंच, वलंदेज, पोर्तुगीज सगळेच मागायला उभे राहतील. आणि राजापूरची भरपाई? दहा हजार होन कबूल झाले. पण रोख नाही. इंग्रजांनी तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल महाराजांकडून घ्यायचा आणि निम्मीच किंमत द्यायची, म्हणजे साडेसात हजार फिटले. उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातीतून सोडायचे. हा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. पै चुकत नाही, आणि खजिन्यातून एक होन बाहेर जात नाही! आमच्या वेळच्या अंकगणिताच्या पुस्तकात हे उदाहरण घालायला हवे होते.

पाहुणे गेले. १७ जूनला त्याच पाचाडात जिजाऊसाहेब गेल्या. त्यांच्या समाधीपाशी मी मुलांना नेहमी बसवत असे, पण जवळपास कुठेतरी त्या तंबूंची जागा असेल हे कधी बोललो नाही.

गेल्या दिवाळीत तो सोनगडकडचा मुलगा घरी आला होता. मुलगा कसला, आता पन्नाशीचा आहे, एम.आय.डी.सी.त नोकरी करतो. फराळ झाल्यावर मी त्याला म्हटले, "तू एकदा मला गोऱ्या कैद्यांचे विचारले होतेस. उत्तर द्यायचे राहिले होते." त्याला आठवतही नव्हते. तरी सगळे ऐकून घेतले. मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "गुरुजी, मग त्यांचे पैसे मिळाले का?"

मी म्हटले, "पुढे कित्येक वर्षे वकील येत राहिले, तगादा लावत राहिले."

"म्हणजे आमच्या जमिनीच्या मोबदल्यासारखेच की," असे म्हणून तो हसला आणि जाताना वाकून नमस्कार करून गेला.