तरवा कधी पेरायचा? भारतीय फुटबॉलच्या कोचची गोष्ट

कुडाळला गाडीत बसलं की मडगाव काही लांब नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला तिथल्या फातोर्ड्याच्या मैदानावर भारत सिंगापूरकडून 2-1 ने हरला आणि 2027 च्या आशिया चषकाची आशा संपली. मी वालावलला घरी बसून मोबाईलवर बघत होतो. छांगटेने 14 व्या मिनिटाला गोल केला तेव्हा एकटाच ओरडलो. मॅच संपली आणि आमच्या ग्रुपवर एकच सूर लागला, "खालिद जमीलला काढा."

अरे, पण त्याला येऊन अडीच महिने झाले होते!

मागचं जरा आठवूया. 2019 पासून कोच होते क्रोएशियाचे इगोर स्टिमाच. ऑक्टोबर 2023 मध्ये महासंघाने त्यांचा करार 2026 पर्यंत वाढवला. म्हणजे जानेवारीतल्या आशिया चषकाच्या तीन महिने आधी. परीक्षा व्हायच्या आधीच निकाल! त्या स्पर्धेत तिन्ही सामने हरलो, गोल शून्य. मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने हरवलं. तेव्हाही हालचाल नाही. जूनमध्ये कतारकडून हरून विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडलो आणि मग आठवडाभरात स्टिमाचना नारळ. करार शिल्लक होता, त्यामुळे भरपाईचा वाद झाला आणि शेवटी पैसे मोजून मिटवावा लागला.

पुढची गंमत तर आपल्या शेजारचीच. जुलै 2024 मध्ये नेमले मानोलो मार्केझ, जे तेव्हा एफसी गोवाचेही कोच होते आणि पुढचा अख्खा हंगाम राहिले. एक पाय गोव्यात, एक देशाच्या संघात. माणूस वाईट नव्हता, पण आठ सामन्यांत विजय एकच, तोही मालदीववर. आशिया चषक पात्रतेत बांगलादेशशी बरोबरी, हाँगकाँगकडून हार. सहापैकी एक गुण हातात ठेवून ते गेले. 1 ऑगस्ट 2025 ला खालिदची निवड जाहीर झाली आणि महिना संपायच्या आत मध्य आशियातली स्पर्धा समोर. तिथे त्याने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, हे मात्र कोणी आठवत नाही.

आपल्याकडे मिरगाआधी तरवा पेरला नाही तर लावणीला शेतात उतरून काय करणार? महासंघाने तरवा पेरला तो लावणीच्या दिवशी.

आणि हे काही नवीन नाही. 2011 मध्ये बॉब हॉटन एप्रिलला गेले, जुलैत विश्वचषक पात्रतेत यूएई समोर. घाईघाईने आणले गोव्याचे आर्मांदो कुलासो. धेंपोला राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारा माणूस, पण हंगामी, आणि धेंपोचं काम सांभाळून. तिकडे 3-0 ने हार, इकडे 2-2. वर्ष संपायच्या आत सावियो मदेरा आले, तेही गोव्याचेच. डिसेंबरमध्ये त्यांनी सॅफ चषक जिंकून दिला. मार्च 2012 मध्ये काठमांडूत तिन्ही सामने हरले आणि त्याच उन्हाळ्यानंतर नेदरलँड्सचा कोच. मदेरांनंतर देशाच्या संघाला पूर्णवेळ भारतीय कोच मिळायला 2025 उजाडलं.

आता उलट बाजू. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम 1950 ते 1963, मरेपर्यंत, कोच होते. एशियाडची दोन सुवर्णपदकं, 1951 आणि 1962, त्यांच्याच काळातली. मधल्या 1958 च्या टोकियो एशियाडला पदक नव्हतं. आजचा आपला ग्रुप तेव्हा असता तर रहीमसाहेब 1962 पर्यंत टिकलेच नसते.

खालिद मुंबईच्या क्लबांत खेळला, मुंबई एफसीला 2009 पासून सात वर्षं कोचिंग केलं, मग 2017 मध्ये ऐजॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली. तो चुकतो, त्याची बचावात्मक खेळी मलाही आवडत नाही. पण पुढच्या पात्रता फेरीला अजून वेळ आहे, आणि कोच बदलायचाच असेल तर ते आत्ता ठरवा. मॅचच्या आदल्या महिन्यात नको.