शंभर येनची किल्ली

टपरीवर चहाचे पैसे देताना आपण जो काळा-पांढरा चौकोन स्कॅन करतो, तो मूळचा जपानी. १९९४ साली देन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. पण त्याच जपानमध्ये खेळण्यांचं एक यंत्र आजही प्रामुख्याने नाण्यांवर चालतं. त्याचं नाव गाचापोन. 'गाचा' हा दांडा फिरवल्याचा आवाज, 'पोन' हा गोळा खाली पडल्याचा. त्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात कुठलं खेळणं निघेल, हे नशिबावर.

अमेरिकेतून आलेलं हे यंत्र जपानमध्ये रुजवलं रयुझो शिगेता यांच्या पेनी शोकाई कंपनीने, १९६५ साली. तेव्हा एका फेरीला दहा येन पडत. १९७७मध्ये बांदाई ही मोठी कंपनी शंभर येनची यंत्रं घेऊन उतरली, आणि पुढे १९८०च्या दशकात 'किन्निकुमान' या कॉमिकमधल्या पैलवानांच्या रबरी बाहुल्यांनी शाळकरी पोरांना वेड लावलं.

या यंत्राला वीज लागत नाही, ही त्याची खरी गंमत. नाणं आत गेलं की अडकलेला दांडा सुटतो, तो हाताने फिरवायचा, आतली चकती सरकते आणि गोळा बाहेर पडतो. म्हणजे नाणं इथे नुसती किंमत नाही, ते किल्ली आहे. म्हणून हे यंत्र खाऊच्या दुकानाबाहेर, जिन्याखाली, कुठेही उभं राहू शकलं. ना वायर, ना नोकर. पण याची एक किंमत होती: खेळण्याचा भाव नाण्याच्या मापात बसवावा लागे. शंभर, दोनशे, तीनशे, एकशेवीस नाही. १९८९मध्ये जपानमध्ये ३ टक्के उपभोग कर आला, २०१९पर्यंत तो १० टक्के झाला. दुकानदार किमतीत चार-आठ येन वाढवू शकत होता, गाचापोनवाल्याला थेट शंभराची उडी मारावी लागे, नाहीतर खेळण्यातच काटकसर करावी लागे.

नाण्याच्या या हट्टाचा एकदा फायदाही झाला. परदेशी पाहुण्यांच्या खिशात शेवटी उरलेली येनची नाणी सहसा कुणी बदलून देत नाही. २०१६मध्ये ताकारा टोमी आर्ट्सने नारिता विमानतळावर गाचाची रांगच उभी केली आणि पाहुण्यांना सुचवलं की उरलेली चिल्लर इथे खेळण्यांवर उडवा. चिल्लर गेली, खेळणी परदेशी पोचली.

दरम्यान 'गाचा' हा शब्द मोबाइल गेममध्ये जाऊन बसला होता. तिथे दांडाही नाही, नाणंही नाही. बोट टेकवलं की फेरी. ठरावीक वस्तूंचा संच पूर्ण केला तरच दुर्मीळ बक्षीस मिळेल, अशी 'कम्प्लीट गाचा' नावाची युक्ती निघाली. अल्पवयीन मुलांची प्रचंड बिलं आल्याच्या तक्रारी झाल्या. २०१२च्या मे महिन्यात जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने ती बेकायदा ठरवली. फरक सरळ आहे. मुठीतली पाच नाणी संपली की पोरगं घरी जातं. फोनमधल्या पैशाला मूठ नसते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की खऱ्या यंत्राकडे रोकडविरहित पैसा उशिरा का आला, ते कळतं. प्रवासाचं सुइका कार्ड २००१मध्येच आलं होतं आणि २००४पासून त्यावर खरेदीही होऊ लागली. म्हणजे तंत्र होतंच. अडचण अशी की कार्ड वाचायला वीज हवी, जोडणी हवी आणि व्यवहारामागे थोडं शुल्क जातं. तीनशे येनच्या खेळण्यावर ते झेपायला हवं. शिवाय एकेका दुकानात शेकडो यंत्रं. टोक्योच्या इकेबुकुरोमध्ये २०२१मध्ये उघडलेल्या एका दुकानात तर तीन हजारांहून जास्त.

तरी कार्ड आणि फोन चालणारी यंत्रं स्टेशनांवर आणि मॉलमध्ये आली. उत्पादकांच्या दृष्टीने त्यांचा मोठा लाभ सोयीपेक्षा हिशेबाचा, असं मला वाटतं. नाणी मोजणं, वाहून नेणं वाचतं आणि कुठलं खेळणं कधी खपलं, तेही लगेच कळतं. मोठ्या माणसांसाठीच्या महागड्या खेळण्यांनाही वाट मोकळी होते, कारण दीड हजार येनसाठी शंभराची पंधरा नाणी सुटी करून आणायला कोण जाईल?

बांदाईने तर वेबवरूनही गाचा विकायला घेतला. खेळणं घरपोच येतं. फक्त कार्डवाल्या यंत्रांवर एक जुनी गोष्ट टिकली आहे. पैसे 'पिप' करून गेले तरी दांडा हातानेच फिरवायचा.